रुसकीची लेबलं

अक्काला राग आलाय हे तिच्याआधी इतरांना कळायचं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि त्या दिसल्या की तळघरात काम करणारी माणसं काहीतरी आणायचं निमित्त काढून वर सटकायची. तोंडावर सगळे तिला अक्का म्हणत, पाठीमागे अक्काबाई. हे तिला ठाऊक होतं. "ज्या घरात शिरते ते साफ करून टाकते, मग नाव बरोबरच आहे," असं ती एकदा स्वतःच म्हणाली होती, आणि त्यावर हसणारी ती एकटीच होती.

पण उगाच म्हणून ती कधी चिडली नाही. तिच्या रागाचे किस्से तिखटमीठ लावून सांगणारे लोक नेमकं तेवढंच गाळतात.

द्राक्षमळा आजोबांच्या वेळचा. मधे घर, घराखाली लाकडी पिंपांनी भरलेलं तळघर, आणि समोर नदीपर्यंत पसरलेली सपाट, लोण्यासारखी माती. घराच्या मागे मात्र एक चढ होता. त्यात मातीपेक्षा दगड जास्त. पाऊस पडला की पाणी थांबायचं नाही, ऊन पडलं की दगड जे तापायचे ते अंधार पडला तरी निवायचे नाहीत. तिथे काहीही लावा, ते धड वाढायचं नाही आणि धड मरायचंही नाही. आजोबांनी त्या तुकड्याचं नाव रुसकी ठेवलं होतं. कितीही मनधरणी करा, तोंड वाकडंच.

शाळा संपल्या संपल्या अक्का तळघरात उतरली ती तिथलीच झाली. धाकटा भाऊ राजा शहरात शिकायला गेला आणि शिकून परत आला. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण आई त्याला राजा म्हणायची म्हणून सगळं घर म्हणायला लागलं, आणि हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं. तो वाईट नव्हता. गोड बोलायचा, कुणाला नाही म्हणायचा नाही. अक्काचं म्हणणं असं की, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काय चाटायचंय?

आई गेल्यावर अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, वाटणी केली. घर, तळघर आणि सपाट मळा राजाला. अक्काला रुसकी.

"तू एकटा जीव," अप्पा म्हणाले. "तुला असं लागतं कितीसं?"

अक्काने सही केली. त्या दिवशी तिला जो राग आला तो पुढे कित्येक वर्षं पुरला. दुसरी कुणी रडली असती किंवा घर सोडून गेली असती. अक्का पहार घेऊन चढावर गेली. तिने दगड उपटले, त्याच दगडांचे आडवे बांध घातले, खालून टोपल्यांनी माती वर वाहिली आणि बांधाबांधांवर वेली लावल्या. पाण्याच्या बादल्या वाहून खांदा कायमचा एका बाजूला उतरला. गुडघे कुरकुरायला लागले. राजा खालून ओरडून विचारायचा, "काय अक्का, सोनं सापडलं का?" ती वरून उत्तर द्यायची नाही. हातातला दगड मात्र जरा जोरात आदळायची.

वेलींना घड आले ते मुठीत मावतील एवढे. दाणे बारीक, साल जाड. पहिल्या वर्षीची वाईन चाखून अप्पांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तोंडात जुनी चप्पल धरल्यासारखं वाटतं." अक्काने ती टाकून दिली नाही. पिंपात राहू दिली. दोन हिवाळे गेले आणि वाईन बदलली. सपाट मळ्याची वाईन गुबगुबीत, मऊ, पहिल्याच घोटात गळ्यात पडणारी. रुसकीची वाईन आधी पाठ फिरवायची. जिभेला कोरडी करून सोडायची. मग थांबलात तर हळूहळू बोलायला लागायची, आणि एकदा बोलायला लागली की पेला रिकामा झाल्यावरही थांबायची नाही.

अक्काचा एकच नियम होता. रुसकीच्या बाटलीत रुसकीचंच द्राक्ष. तळघरात तिची पिंपं वेगळी, नळ्या वेगळ्या, झाडूसुद्धा वेगळा.

पुढे एका वर्तमानपत्रात कुणीतरी या वाईनबद्दल लिहिलं. शहरातला एक वाईनचा व्यापारी गाडी घेऊन आला, त्याने वाईन चाखली आणि दुसरा पेला मागितला. तेवढ्यात राजा जिना उतरून आला. "अक्का, तू वाईन बघ. बोलणं माझ्यावर सोड." आणि खरंच, बोलणं त्याच्यावरच राहिलं. लेबल छापून आलं तेव्हा पुढे मोठ्या अक्षरांत 'रुसकी' आणि मागच्या बाजूला फोटो: चढावर उभे राहून घडाकडे कौतुकाने बघणारे अप्पा आणि राजा. खाली मजकूर, 'बापलेकांनी जपलेली एकच बाग'.

अक्काने लेबल उलटसुलट करून पाहिलं. "यातला एकतरी कधी त्या चढावर घामाघूम झालाय का?" तिने विचारलं.

"अगं, लोकांना असं आवडतं," राजा म्हणाला. "फोटोत काय आहे?"

कान लाल झाले, पण तिने राग गिळला. बाटलीच्या आत काय आहे ते आपल्या हातात आहे, बाहेर काय चिकटवायचं ते चिकटवू देत, असा तिने विचार केला. तिथेच तिचं चुकलं, असं ती पुढे म्हणायची.

मग गारांचं वर्ष आलं. द्राक्षं रंग धरत असताना दुपारी ढग आले आणि चढावर गारा अशा काही कोसळल्या की पानांची चाळण झाली. सपाट मळा वाचला. रुसकीवर जे उरलं ते अक्काने कात्रीने एकेक दाणा निवडून घेतलं. नेहमी तिच्या पिंपांची भिंतभर रांग असायची. त्या वर्षी कोपऱ्यात मोजकी पिंपं उभी राहिली. पण जे उरलं होतं त्यात काहीतरी वेगळं होतं. इतकी मिटलेली, इतकी कडक वाईन तिने कधी केली नव्हती. ही उघडली तर काय होईल याचा तिला अंदाज येईना. ती रोज पिंपांवरून हात फिरवायची.

"या वर्षी थोड्याच बाटल्या निघतील," तिने राजाला बजावलं. "त्या व्यापाऱ्याला आत्ताच सांगून टाक."

"सांगतो," राजा म्हणाला.

त्या वाईनच्या दुसऱ्या हिवाळ्यात छाटणी करताना बांधाचा दगड निसटला आणि अक्का खालच्या ओळीत कोसळली. घोट्याचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून डॉक्टरांनी तिला खाटेवर टाकली. तिची खोली घराच्या वरच्या मजल्यावर, आणि तळघर घराखाली. मधले दोन जिने तिच्यासाठी बंद झाले. खाली यंत्रं चालल्याचा आवाज यायचा तेव्हा ती विचारायची, काय चाललंय? उत्तर मिळायचं, टाक्या धुताहेत.

एके दिवशी राजाची बायको सूप घेऊन वर आली. तिला घरातले, मळ्यातले, सगळेच वहिनी म्हणायचे. ही घरात कमी बोलणारी बाई, आली की काम करून लगेच जायची. आज वाडगा ठेवून ती खुर्चीवर बसली आणि हात मांडीखाली घेतले.

"अक्का, तुमच्या वाईनमध्ये खालच्या मळ्याची मिसळली."

अक्काने चमचा खाली ठेवला.

"पाइप मीच धरला होता," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, टाक्या बदलताहेत. मग बाटल्या भरल्या. मग लेबलं आली, तुमचीच. मी यांना विचारलं, तर सगळ्या माणसांसमोर म्हणाले, तुला कळतं का त्यातलं काही, पाइप धर. लग्न होऊन आल्यापासून मी या घरात पाइपच धरतेय."

"मला का सांगतेस?"

"दुसऱ्याकडून कळलं असतं तर तुम्ही पहिलं मला कच्चं खाल्लं असतं." मग म्हणाली, "आणि मला राग आलाय. तुम्हालाच येतो असं नाही."

अक्काने तिच्याकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं. "एक बाटली घेऊन ये," ती म्हणाली.

एका घोटात तिला कळलं. गुबगुबीत, मऊ, गळ्यात पडणारी. मागे कुठेतरी, गर्दीत चेंगरलेल्या माणसाचा आवाज यावा तशी, तिची वाईन होती. तिने घोट सुपाच्या वाडग्यात थुंकला, कुबडी मागितली आणि बसल्या बसल्या, पायरी पायरी सरकत, प्लास्टरचा पाय पुढे धरून दोन्ही जिने उतरली. वहिनी कुबडी घेऊन मागून.

तळघरात भिंतीला लागून खोक्यांची उतरंड होती. प्रत्येक खोक्यावर 'रुसकी'. राजा बूच बसवायच्या यंत्रापाशी होता. अक्काला बघून त्याचा हात थांबला.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"अक्का, आधी बस. पाय बघ तुझा."

"पाय माझा आहे. वाईनही माझी होती. कुणाला विचारून?"

"गारा मी पाडल्या का?" राजा म्हणाला. "त्याला नेहमीइतक्या बाटल्यांचा शब्द दिला होता. घराण्याचा शब्द आहे तो."

"तू दिलास. मी तुला थोड्याच निघतील म्हणून सांगितलं होतं, त्यानंतर दिलास की आधी?"

राजाने हातातलं बूच खाली ठेवलं.

"खालची वाईन काही विष नाही, अक्का. आपल्याच बापाच्या मळ्यातली आहे."

"मग तिचं नाव लाव. राजाची म्हण, सपाटी म्हण, काय हवं ते म्हण. रुसकी का म्हटलंस?"

"लोक रुसकी मागतात म्हणून."

"आणि का मागतात?"

याचं उत्तर त्याला येत होतं, म्हणून तो पुन्हा यंत्राकडे वळला. तेवढ्यात जिन्यावर अप्पा दिसले. हात कठड्यावर, डोळे खाली.

"आवाज कमी करा," ते म्हणाले. "घरातलं घरात राहू दे."

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळेच करतात गं. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

तिथे असलेल्या माणसांनी नंतर सांगितलं की त्यांना आता भांडी फुटतील असं वाटलं होतं. पण अक्का ओरडली नाही. तिच्या कानांचा रंगच उतरला. तिने विचारलं, "मिसळलेलं वेगळं करता येईल का?" सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. त्या वर्षीची रुसकी आता कुठेच नव्हती, आणि कधीच असणार नव्हती. मालकीण असून तिने ती पुरती चाखलीही नव्हती.

आठवडाभराने व्यापारी माल बघायला आला. अक्का अंगणात खुर्ची टाकून, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. राजा कॉफी घेऊन पुढे येण्याच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. व्यापारी हादरेल, खोकी परत करेल, राजाला चार शब्द सुनावेल, असं तिला वाटलं होतं. त्याने कॉफीत साखर ढवळली.

"अक्का, खरं सांगू? चाखून ओळखणारे असतात किती? बाटली देखणी आहे, गोष्ट देखणी आहे. लोक गोष्ट पितात."

"कसली गोष्ट?"

"हीच. दगडातली बाग, एकच तुकडा, एकच कुटुंब."

"ती गोष्ट नाही," अक्का म्हणाली. "तिथे माझे गुडघे गेलेत." मग शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. न्या तुम्ही खोकी. ज्या ज्या दुकानात ही बाटली दिसेल त्या दुकानात मी येईन. कुबडी घेऊन येईन. दारात बसेन आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगेन की बापलेकांनी आत काय घातलंय. तसंही मला सध्या दुसरं काम नाही."

व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं. खोटेपणाचं त्याला काही वाटत नव्हतं, पण बोभाट्याची भीती होती, आणि ही बाई खरंच येईल हे त्याला तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. त्याने कॉफी अर्धी टाकली. "मला भानगड नको," एवढं बोलून गाडीत बसला. पुन्हा तो त्या फाटकात दिसला नाही. पुढल्या वर्षी त्याला दुसऱ्या कुठल्या तरी कुटुंबाची दुसरी गोष्ट मिळाली म्हणे.

राजा अंगणातच उभा राहून किंचाळला, की तिने घर बुडवलं, आता एवढ्या बाटल्यांचं काय करायचं?

"साधी तांबडी वाईन म्हणून विक," अक्का म्हणाली. "पण लेबलं काढून."

"माझी माणसं हात लावणार नाहीत."

"नको लावू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन टब मांडले गेले. गरम पाणी, धुण्याचा सोडा, दोन बोथट सुऱ्या. अक्का खुर्चीत, पाय स्टुलावर. समोर वहिनी, पाटावर. बाटली भिजवायची, लेबल खरवडायचं, पुसून उलटी ठेवायची. गोंद इतका चिवट की नखांखाली जाऊन बसायचा. पुढचं लेबल तरी सुटायचं, मागचा फोटो सुटता सुटायचा नाही.

"यांचं नाक निघत नाहीये," वहिनी म्हणाली.

"जोर लाव."

वहिनी हसायला लागली ती थांबेचना. अक्का हसली नाही. तिला हसू येत नव्हतं. पण तिने आपली सुरी वहिनीला दिली, कारण ती जरा कमी बोथट होती.

दिवसामागून दिवस त्या दोघी बसल्या. राजा तिथून जायचा तेव्हा मान वळवून जायचा. एकदा अप्पा येऊन टबाजवळ उभे राहिले. बराच वेळ ते बघत होते. मग वाकून त्यांनी पाण्यात बोट घातलं.

"पाणी गार झालंय," ते म्हणाले.

"मग गरम करून आणा."

अप्पांनी किटली भरली, तापवली आणि आणून ओतली. त्यानंतर रोज ते तेवढं काम करायचे. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. अक्कानेही विचारलं नाही. ती नंतर सांगायची, "गरम पाणी म्हणजे माफी नव्हे."

पाय बरा झाल्यावर तिने रुसकीच्या माथ्यावर दगडी शेड बांधली आणि आपली पिंपं तिकडे हलवली. राजाने ट्रॅक्टर दिला नाही. माणसं लावून, दोर बांधून तिने ती चढवली. नवीन लेबल छापलं. त्यावर फोटो नाही, नुसतं नाव आणि साल. गारांचं साल त्या लेबलावर कधीच आलं नाही. कुणी विचारलं की ते मधलं वर्ष कुठे, तर ती सरळ सांगायची, "माझ्या भावाने चोरलं." पाहुण्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. तिला नाही.

वहिनी दर तोडणीला वर यायची. राजाने पहिल्या वर्षी अडवलं, दुसऱ्या वर्षी कुरकुर केली, तिसऱ्या वर्षी त्याचं जेवण झाकून ठेवून ती निघून आली. अप्पा गेले. त्यांच्या मागे बहीणभाऊ एकाच खोलीत बसले होते, तेव्हा राजाने विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे."

"किती वर्षं?"

"मोजत नाही."

मग एका तोडणीला, निम्मे घड वेलींवर असताना, समोरच्या डोंगरावर पाऊस दिसायला लागला. माणसं कमी होती. अक्काने खाली पाहिलं, तर राजा चढ चढून येत होता, मागे त्याची माणसं आणि रिकामे क्रेट. त्याने कात्री घेतली आणि सर्वांत वरच्या ओळीला लागला. पाऊस आला तेव्हा शेवटचा क्रेट शेडमध्ये होता.

माणसं भिजून आत आली. अक्काने सगळ्यांना एकेक पेला दिला, राजालाही. त्याने घोट घेतला आणि पेल्यात बघत राहिला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण त्या वर्षीसारखी नाही."

अक्काचा हात पिंपावरच थांबला. "कोणत्या वर्षीसारखी?"

"गारांच्या. मिसळायच्या आधी मी चाखली होती."

वहिनी नवऱ्याकडे बघत उभी राहिली. इतकी वर्षं अक्काला वाटत होतं की याला कळलंच नाही, याची जीभच तेवढी नाही, अडाणीपणाने ओतलं असेल. त्या कल्पनेने कुठेतरी थोडं सोपं होत होतं. आता तेही गेलं.

"माहीत असून ओतलीस?"

"हो."

तिच्या डोक्यात एवढं काही उसळलं की तिला पिंपाचा काठ धरावा लागला. त्याच्या हातातला पेला हिसकावून बाहेर फेकावा, त्याला तसाच पावसात ढकलावा, असं तिला वाटलं. पण ती वाईन शेवटी कशी झाली होती हे साऱ्या जगात या एकाच माणसाला माहीत होतं.

"कशी होती?" तिने विचारलं.

राजा अडखळला. असं काही सांगायची त्याला सवय नव्हती. त्याची भाषा माल विकायची होती. "उघडली होती," तो म्हणाला. "म्हणजे, आधी तशीच कोरडी. मग... थांब, आठवू दे." तो थांबत, चुकत, शब्द बदलत सांगत राहिला. अक्काने त्याला एकदाही थांबवलं नाही, एकदाही मदत केली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती, आणि वहिनी नंतर सांगायची की, त्या रात्रंदिवस चिडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जेवढा राग होता तेवढा तिने आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

सांगून संपल्यावर तो उभाच राहिला.

"आता जा," अक्का म्हणाली.

तो जायला निघाला. दारापाशी पोचला तेव्हा ती मागून म्हणाली, "शेवटचा घोट गिळल्यावर काय झालं ते तू सांगितलं नाहीस. ते नीट आठव, आणि उद्या येऊन सांग."